आवाजाची ओळख पटवण्यास लागलेली सत्तेचाळीस मिनिटे

प्रति,
मा. सहायक आयुक्त (आयात),
सीमाशुल्क कार्यालय, टपाल व कुरिअर विभाग,
दुसरा मजला.

विषय : एक जुना लॅपटॉप तपासणीच्या टेबलावर ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालू ठेवल्याबद्दल निरीक्षक बाईंना दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे आभारपत्र, दि. १३.
२) निरीक्षक, खिडकी क्र. ४, यांना बजावलेली कारणे दाखवा नोटीस, दि. १९.
३) आपल्या कार्यालयाचे अर्जदारास आलेले पत्र, दि. २२.

महोदय,

१. अर्जदार ही एका शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेली टंकलेखिका आहे. संदर्भ क्र. २ ची नोटीस तिला आलेली नाही, तेव्हा खुलासाही तिच्याकडे कोणी मागितलेला नाही, याची तिला जाणीव आहे. परंतु ही नोटीस निघाली ती अर्जदाराच्याच आभारपत्रावरून. निरीक्षक बाईंनी केलेल्या साहाय्याबद्दल वरिष्ठांना चार चांगले शब्द कळवावेत, एवढाच तिचा हेतू होता. मात्र पस्तीस वर्षे टंकलेखन केल्यामुळे आकडा मोघम लिहिणे हाताला जमत नाही, म्हणून "तपासणी एकूण सत्तेचाळीस मिनिटे चालली" असे तिने पत्रात नमूद केले. ती दहा मिनिटांत उरकावी असा नियम आहे, हे तिला ठाऊक नव्हते. दि. २० रोजी ती खिडकीशी गेली, तर बाई जागेवर नाहीत. त्या आवक-जावक नोंदवहीच्या टेबलाशी बसून पाकिटे उघडत होत्या. अर्जदाराला पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पत्राची वर फारच दखल घेतली हो!" तेव्हापासून अर्जदाराच्या घशाखाली घास उतरत नाही. सबब घडलेली हकिकत जशीच्या तशी सादर करीत आहे.

२. सदर लॅपटॉप अर्जदाराच्या थोरल्या भावाचा. हे बंधू एका मोठ्या बसस्थानकावर एकतीस वर्षे उद्घोषक होते. दोन वर्षांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांची स्वरपेटी काढावी लागली. डॉक्टरांनी तीन आठवडे आधी तशी कल्पना दिली होती. ते तीन आठवडे बंधू रोज कपड्यांच्या कपाटापुढे खुर्ची टाकून, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून रजई घेऊन, या लॅपटॉपमध्ये आपले बोलणे साठवत बसले. एकूण अकराशे चाळीस वाक्ये झाली. प्रत्येक वाक्याला अर्जदाराने क्रमांक दिला आणि यादी टंकून दिली. क्रमांक १ : "चहात साखर कमी घाल." क्रमांक २ वहिनींच्या आग्रहाखातर घेतला : "तुझंच बरोबर आहे." शेवटची सत्तर वाक्ये बसस्थानकावरच्या घोषणांची. ती घ्यायला कोणी सांगितले नव्हते. क्रमांक दाबला की बंधूंच्या स्वतःच्या आवाजात ते वाक्य ऐकू येते. यादी त्यांना तोंडपाठ आहे. थोडक्यात, आपल्या गोदामात "वापरलेला संगणक, एक नग" म्हणून जी वस्तू नोंदवलेली आहे, तिच्यावाचून अर्जदाराचा भाऊ मुका आहे.

३. बंधूंची एकुलती एक मुलगी परदेशात नोकरी करते. घरात तिला टिकली म्हणतात. तिचे लग्न तिकडेच दि. १२ रोजी ठरले. बंधू आणि वहिनी लग्नाच्या महिनाभर आधी निघणार होते. निघण्याच्या चार दिवस आधी लॅपटॉपची बॅटरी फुगली, इतकी की खालचे झाकण वर आले. दुरुस्तीवाल्याने सांगितले, "हा असा विमानात नेलात तर तुम्हालाच उतरवतील. नवी बॅटरी यायला आठ दिवस लागतील." तेव्हा बंधू एक पाटी आणि खडूचा डबा घेऊन विमानात बसले, आणि लॅपटॉप दुरुस्त होताच कुरिअरने पाठवायची जबाबदारी अर्जदाराकडे आली. पाठवण्यापूर्वी त्यातला आवाज दुसरीकडे उतरवून ठेवायला हवा होता, हे आता सगळेच सांगतात. तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि अर्जदारालाही सुचले नाही.

४. कुरिअरच्या फॉर्ममध्ये पाठवण्याचे कारण विचारले होते. विक्री, नमुना, भेट, इतर. काउंटरवरील मुलगी म्हणाली, "इतर लिहिलं की अडकतं काकू, भेट लिहा." अर्जदाराने भेट लिहिले. तिकडच्या कार्यालयाला प्रश्न पडला की वापरलेली वस्तू भेट कशी? खात्री करून घेण्यासाठी त्यांनी बंधूंच्या मोबाइलवर तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा बंधूंनी फोन उचलला, कानाला लावला आणि ते ऐकत उभे राहिले. दुसरे काय करणार? टिकली कामावर होती, आणि वहिनींना तिकडची भाषा येत नाही. पार्सलवर शेरा पडला : "प्राप्तकर्त्याने फोन घेतला, परंतु उत्तर देण्याचे टाळले." टिकलीला हे कळेपर्यंत लॅपटॉप परतीच्या विमानात चढला होता.

५. तो इकडे उतरला आणि लगेच परदेशी झाला. सहा वर्षे जो अर्जदाराच्या गल्लीत राहिला, तो आता "परदेशातून आलेला वापरलेला इलेक्ट्रॉनिक माल" ठरला आणि त्याला आत येण्यासाठी परवानगी लागणार असे समजले. तो मूळचा इथलाच असल्याचा पुरावा मागण्यात आला. अर्जदाराने खरेदीची पावती दिली, परंतु तिच्यावरची अक्षरे उडून गेलेली. तळावरील क्रमांकाची पट्टी बॅटरी बदलताना खरवडली गेलेली. जातानाचे आणि येतानाचे वजन जुळत नाही असाही आक्षेप निघाला. ओझे जास्त होईल म्हणून तिकडच्या लोकांनी आतला फोम काढून घेतला असावा. अर्जदाराने या कामी पाच खेपा घातल्या. खिडकी क्र. ४ सोडून प्रत्येक खिडकीने तिला पुढच्या खिडकीकडे पाठवले.

६. खिडकी क्र. ४ वरील निरीक्षक बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचले. लग्न दोन दिवसांवर आले होते. त्या म्हणाल्या, "परवानगी आठवडाभरात येणार नाही. माल सोडता येणार नाही आणि त्यातली माहितीही बाहेर उतरवून देता येणार नाही. पण वस्तू चालू आहे का, याची तपासणी मला करावीच लागते, आणि मालकाने ओळख पटवायची असते." मालक परदेशात आहे, फोनवर दिसला तर चालेल का, असे अर्जदाराने विचारले. बाईंनी नियमांचे पुस्तक पुढून मागून चाळले. "चालेल असं कुठं लिहिलेलं नाही. चालणार नाही असंही नाही." त्यांनी कोणती वेळ सोयीची म्हणून विचारले. अर्जदाराने दि. १२, सकाळी साडेअकरा, ही वेळ मागून घेतली.

येथे अर्जदार स्पष्ट कबुली देते की, ही वेळ तिने हेतुपुरस्सर मागितली. त्या वेळी तिकडे लग्नाच्या सभागृहात भाषणे सुरू होणार होती. निरीक्षक बाईंना याची सुतराम कल्पना नव्हती. लबाडी झाली असल्यास ती सर्वस्वी अर्जदाराची आहे, आणि एकसष्टाव्या वर्षी प्रथमच झालेली आहे.

७. ठरल्या वेळी लॅपटॉप टेबलावर आला. अर्जदाराने आपला फोन शिक्क्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. फोनवर बंधू दिसले, नवा कोट, छातीशी पाटी. त्यांच्या मागे फुले, खुर्च्या आणि दीडशे माणसे. तिकडचा फोन सभागृहाच्या माइकला टेकवलेला होता. बाईंनी अर्जदाराकडे पाहिले. "हे काय?" अर्जदार म्हणाली, "ओळख पटवणं." बाईंनी घड्याळाकडे पाहिले, बसायची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "मग नीट पटवू या."

नवरदेवाच्या वडिलांचे भाषण संपले होते. आता मुलीच्या वडिलांनी दोन शब्द बोलावेत म्हणून सगळे थांबले. बंधूंनी पाटीवर ४१२ लिहिले. बाईंनी तो क्रमांक दाबला आणि आपल्या कार्यालयात आवाज उमटला, "नमस्कार मंडळी. मागपर्यंत ऐकू येतंय ना?" तिकडून टाळ्या पडल्या. त्यानंतर १०७१ : "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." हे ऐकताच खिडकी क्र. २ समोरची रांग आपोआप सरळ झाली, हे अर्जदाराने स्वतः पाहिले. बंधूंनी वधूवरांकडे खडू रोखून १०८८ लिहिले : "गाडी चालू असताना चालकाशी वाद घालू नये." दोघांपैकी चालक कोण यावर तिकडे बराच वेळ हशा चालला होता. मध्येच बाईंकडून २७१ ऐवजी २१७ दाबले गेले आणि वऱ्हाडी मंडळींना "डॉक्टर, आज पोट साफ झालं" असे ऐकावे लागले. बंधू पोट धरून हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसतो, फक्त खांदे हलतात. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते.

मग बंधूंनी पाटी पुसली आणि तिच्यावर आकड्याऐवजी अक्षरे लिहिली : "हे यादीत नाही. बाई, तुम्ही वाचाल?" बाईंनी मान हलवली. बंधूंनी तीन वेळा पाटी भरली आणि तीन वेळा कोटाच्या बाहीने पुसली. बाईंनी स्वतःच्या आवाजात वाचले ते असे :

"टिकले, तू पहिल्यांदा बाबा म्हणालीस तेव्हा मी ड्यूटीवर होतो, माइकपुढे. ते ऐकायचं राहून गेलं. आज तू काय म्हणशील ते ऐकायला आलोय."

वाचन त्यांनी पूर्ण केले. त्यावर टिकली एकच शब्द बोलली. तो काय होता हे येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. बंधूंनी डोळे मिटून घेतले आणि ती आणखी काही म्हणेल या आशेने तसेच उभे राहिले, म्हणून तिने तो पुन्हा एकदा म्हटला.

फोन बंद झाला. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला, पेन उचलले आणि अहवालात लिहिले : "वस्तू चालू स्थितीत आढळली. मालकाची ओळख पटली."

८. आता नोटिशीतील आरोपांविषयी. तपासणी लांबली, हा पहिला. वाक्ये अकराशे चाळीस आहेत. त्यांतली अवघी एकोणीस वाजवून बाईंनी वस्तू चालू असल्याची खात्री करून घेतली, हा अर्जदाराच्या मते कामाचा उरकच आहे.

टेबलाभोवती गर्दी जमून कामकाज थांबले, हा दुसरा. गर्दी जमली हे खरे आहे. तीत चार हमाल, दोन एजंट, पार्सल सोडवायला आलेले एक दंतवैद्य, आणि खिडकी क्र. १, २, ३ व ५ वरील सर्व कर्मचारी होते. आपण स्वतः दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभे होतात आणि शेवटी चष्मा काढून पुसत होतात, असे हमाल सांगतात. पण अर्जदार ऐकीव माहितीवर विसंबत नाही, म्हणून आपले नाव या यादीत धरलेले नाही.

निरीक्षकांनी कर्तव्यावर असताना पक्षकाराच्या वतीने वक्तव्य केले, हा तिसरा आणि सर्वांत गंभीर. बाई बोलल्या, हे खरे. त्या नसत्या बोलल्या तर ते वाक्य पाटीवरच राहिले असते, आणि दूरच्या रांगेत बसलेल्या वहिनींना तर पाटी दिसतच नव्हती. बंधूंनी पाठवलेले निवेदन सोबत जोडले आहे. त्यात त्यांनी लिहिले आहे की, "त्या बोलल्या ते माझेच बोलणे समजावे. एकतीस वर्षांत माझ्या जागी दुसऱ्या कोणाला माइकवर बसू दिले नाही. या बाईंना देईन."

९. सबब विनंती की, नोटीस मागे घेण्यात यावी आणि निरीक्षक बाईंना पुन्हा खिडकी क्र. ४ वर बसवण्यात यावे. आवक-जावकचे काम हलके आहे असे नव्हे. परंतु कागद शेवटपर्यंत वाचणारे माणूस खिडकीवर असले, तर लोकांच्या खेपा वाचतात. वेळेचा हिशेब कोणाच्या तरी नावावर टाकणे भागच असेल, तर ती जादा सदतीस मिनिटे अर्जदाराच्या नावावर टाकावीत. ती निवृत्त असल्याने तिच्यापाशी वेळ मुबलक आहे.

१०. जाता जाता संदर्भ क्र. ३ विषयी. परवानगी मिळाली, हे वाचून फार आनंद झाला. बंधू पुढील महिन्याच्या ३ तारखेला परत येत असून, आपल्या पत्राप्रमाणे दि. ४ रोजी लॅपटॉप घेण्यास स्वतः हजर राहतील. मात्र त्या पत्रात अट आहे की, "वस्तू ताब्यात देण्यापूर्वी, ती आपलीच असल्याचे मालकाने अधिकाऱ्यासमोर तोंडी जाहीर करावे." बंधूंची याला काहीच हरकत नाही. फक्त त्या दिवशी क्रम तेवढा उलटा ठेवावा. लॅपटॉप आधी त्यांच्या हाती द्यावा आणि मग विचारावे. आपणही खाली उतरण्याची तसदी घेऊ नये. आवाज खणखणीत आहे, दुसऱ्या मजल्यापर्यंत सहज येईल.

कळावे, लोभ नसला तरी नियमात बसेल तेवढी कृपा असावी.

आपल्या कार्यालयाच्या पायऱ्या पाठ झालेली,
(सही)
अर्जदार, निवृत्त टंकलेखिका
दिनांक : २६

सोबत :
१. बंधूंचे निवेदन, स्वहस्ताक्षरात.
२. वाक्यांची यादी, क्र. १ ते ११४०, टंकलिखित.
३. तपासणी अहवालाची प्रत.
४. वधू, वर आणि पाटी यांचे एकत्रित छायाचित्र, एक.