दुसरी वायर

३ मार्च
सकाळी सकाळी बोंब — जुन्या इमारतीत नेट गेलं! तिथे एकच वायर सगळ्या खोल्यांतून फिरते, हॉस्पिटलचा प्रत्येक कॉम्प्युटर तिलाच लटकलेला. कुठेही तुटली की सगळे मुके. शोधत शोधत गेले, तर प्रयोगशाळेत कपाट सरकवताना चेचलेली. तोवर अतिदक्षता विभागाच्या मोठ्या सिस्टर रक्ताचे रिपोर्ट आणायला स्वतः जिने चढत-उतरत होत्या. मला म्हणाल्या, "मी इथे धावते तेव्हा तिकडे पेशंटजवळ कोण असतं, सांग!"
वायर जोडली आणि अधीक्षकांकडे नव्या वायरिंगचा अर्ज दिला.

६ मार्च
अधीक्षकांनी ऐकलं! आता प्रत्येक खोलीची वेगळी वायर, थेट तळमजल्यावरच्या स्विचपर्यंत, म्हणजे सगळ्या वायरी जोडणाऱ्या डब्यापर्यंत. एक तुटली तर एकच खोली बंद. सगळे खूश. मी सोडून. सगळ्या वायरी एकाच डब्यात — आणि डबाच बसला तर?

७ मार्च
जेवताना आई ओरडली, "भिंतीत काय बघतेस? ताटात बघ!"

११ मार्च
आमच्या नेटवर्क विभागातले काका — निवृत्तीला आलेत, पण हट्ट कमी नाही — म्हणतात, मजले गोल जोडू. शेवटचा परत पहिल्याला. एकीकडे तुटलं तर माहिती उलट्या बाजूने फिरून येते.
"आणि दोन ठिकाणी तुटलं तर?"
"मग प्रत्येकाला प्रत्येकाशी जोड, बाई! भिंती दिसायच्या नाहीत, नुसत्या वायरी!"
हसलो. पण डोक्यातून जाईना. सगळ्यांना नको, निदान अतिदक्षतेला दोन वायरी, दोन वेगळ्या स्विचना?

१४ मार्च
अधीक्षक: "एक चालतोय ना? मग दुसरा काय हौस म्हणून?"
सिस्टरांना सोबत नेलं होतं. मोठ्या सिस्टर कसल्या गप्प बसतात! "साहेब, सगळ्या पेशंटचे ठोके मला एका पडद्यावर दिसतात. तो काळा पडला तर आधी कुणाकडे पळू? तुम्हीच नंबर लावून द्या."
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मंजूर!!

२ एप्रिल
काम झालं. प्रत्येक पलंगाशी एकेक नर्स उभी केली आणि पहिला स्विच मुद्दाम बंद केला. पडदा जरासा अडखळला — आणि ठोके पुन्हा धावू लागले! सिस्टरांनी पाठीत धपाटा घातला. काका म्हणाले, "आता तरी नीट झोप."

३ एप्रिल
नाही लागली झोप. का, कळत नाही.

५ एप्रिल
अधीक्षकांच्या दाराबाहेर बसून लिहितेय. अतिदक्षतेसमोर छत गळत होतं, म्हणून प्लंबरने वरचा पत्रा काढला. सहज मान वर केली. ठेकेदाराच्या माणसांनी दोन्ही वायरी एकाच पाइपातून नेल्यात! आणि प्लंबर त्याला लागूनच ड्रिल लावत होता. "थांबा!" — अशी किंचाळले की सिस्टर धावत बाहेर आल्या.
काम तपासल्याची सही माझी. दोन्ही स्विच तपासले, वायरी कुठून गेल्यात ते पाहिलंच नाही.
माझी चूक अजून कुणाला कळलेली नाही. साहेब आत एकटेच आहेत. जाते.