हिरड्याची पालवी

१९ एप्रिल २००३
उपग्रहाच्या फोटोवरून कुकडी खोऱ्याचा नकाशा काढून संपला एकदाचा. लाल म्हणजे दुष्काळ, हिरवं म्हणजे बरं. राजुरीकडे लाल-पिवळं, कालव्याच्या कडेनं हिरवं. घाटघर हिरवंगार. साहेब खूश. टँकर कुणाला द्यायचा, ती यादी यावरूनच होणार.

२७ एप्रिल
जुन्नरच्या बाजारातून ताईचा फोन. घाटघरची विहीर आटली, आणि टँकरच्या यादीत गाव नाही. "दत्ता, तुझ्या त्या फोटुत आमची विहीर दिसती का रे?" हसत होती. मीही हसलो.

२८ एप्रिल
नकाशा परत उघडला. घाटघरच्या उताराला मीच 'ओलिताखाली' अशी खूण केलीय. ओलीत! घाटघरला! अरे गाढवा, ती हिरड्याची झाडं. भर उन्हाळ्यात पालवी फुटते त्यांना. वरून पान दिसतं, रिकामा हंडा दिसत नाही.
जागेवर जाऊन बघायची पाळी माझी होती. म्हटलं बहिणीचं सासर, दहा वर्षं बघतोय, कशाला जायचं? आणि खाली 'पाहणी केली' लिहून सही ठोकली. लाज वाटते.

२९ एप्रिल
साहेबांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "यादी सहीला गेली. आता नवा फोटो आल्याशिवाय बदल नाही." उपग्रह परत ९ मेला वरून जाणार. म्हटलं, मी लेखी देतो चूक माझी. "दे की. फाईलला लावू."
दिलं. लावलं.

४ मे
घाटघर. आता आलो, नको तेव्हा. ताई विहिरीच्या तळाशी, वाटीनं पाणी गोळा करत होती. एक हंडा भरायला किती वेळ ते बघवेना, म्हणून खाली उतरलो तर ओरडली, "गढूळ करशील, वर हो!"
दाजींना माझी चूक सांगितली. वाटलं शिव्या घालतील. मान वळवून उतार बघितला. मग म्हणाले, "पावणं, हिरवं दिसतंय ते हिरडंच ना?"
"हो."
"मंग ते छाटलं तर दुष्काळ दिसंल का?"
मी हसलो. ते हसले नाहीत. झाडाला बाळहिरडा, विकायचं कोवळं फळ, लागलाय, तोडणीला आलाय. वर्षाची मीठमिरची, पोरांचे कपडे, सगळं त्याच्यावर. दोनचार झाडांनी काही दिसणार नाही, अख्खा उतार बोडका केला तर दिसेल. हे खरं आहे. आणि मी मूर्खासारखं तेही सांगून टाकलं.
"फुडला फोटु कधी?"
९ तारीख, सकाळी अकराच्या सुमारास. तेही सांगितलं! जीभ झडायला हवी होती.

६ मे
साहेबांना म्हटलं, माणूस पाठवून विहीर तरी बघा. "एका गावासाठी?" मी तरी कुठे गेलो होतो?

८ मे
ताई मुद्दाम जुन्नरला येऊन फोनवर. गावाची बैठक झाली. निम्मे छाटू म्हणतात, निम्मे नको. "ह्यांनी कोयत्याला धार लावून ठिवलीय. काल लई भांडान झालं. दत्ता, तू शिकलेला हायेस, तू सांग. छाटू का नको?"
छाटलं आणि तरी टँकर आला नाही तर? नको म्हणावं तर पाणी कुठून आणू? मी नुसतं ताई, ताई करत राहिलो. फोन कट झाला. घाटघरला फोन नाही.

९ मे
आभाळ स्वच्छ, एक ढग नाही. अकरा वाजता गच्चीत जाऊन उभा राहिलो. काही दिसत नसतं, माहीत आहे.
फोटो हातात यायला आठवडा. हिरवं आलं तर टँकर नाही. लाल आलं तर टँकर येईल, पण मग त्या उतारावर हिरडा उरलेला नसेल.
देवापुढे हात जोडले. मागायचं काय तेच सुचेना.