दगड ते दगड

नाना,

आज टायरच्या दुकानात मी एका भल्या माणसाला विनाकारण झापलं. गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले होते, म्हणून गेलो होतो. मालक माझ्याच वयाचा, कपाळाला गंध, हातात चहाचा कागदी कप. म्हणाला, "साहेब, एक साईज वरचे टाका. गाडी भरलेली दिसती, रुबाब येतो." मी म्हणालो, "रुबाब कुणाला येतो, गाडीला की मला? चाक वळवल्यावर आत घासलं तर तो रुबाब कुठं ठेवायचा? आणि मीटर कमी दाखवायला लागलं तर खरा आकडा सांगायला तुम्ही शेजारी येऊन बसणार का?" त्यानं कप खाली ठेवला. "ओ साहेब, नका ना घेऊ. मी काय बळजबरी केली का?" बाकावर बसलेले दोघे हसले. मी होते त्याच मापाचे टायर टाकून घेतले आणि घरी आलो. टोचून बोलणं हा आता माझा धंदा आहे. दर रविवारी पेपरात कुणाचं तरी सोंग फाडतो आणि लोक म्हणतात, काय धार आहे लेखणीला. धार तुमचीच. तुम्ही ती माणसाच्या तोंडावर वापरायचात, मी पाठीमागे वापरतो, एवढाच फरक.

एसटीतून निवृत्त झालात तेव्हा विनाअपघात सेवेचा बिल्ला खाकी शर्टावरून काढून तुम्ही देव्हाऱ्यात ठेवलात, खंडोबाच्या टाकाला खेटून. आई म्हणाली, "देवाला सरकवलं आणि बिल्ल्याला जागा केली." तुम्ही म्हणालात, "देवानं कधी डबल ड्युटी केलीय का?" मग ती जुनी जीप आली. संगमनेरहून सकाळी सहा-सात मास्तर आणि बाई घ्यायचे, वरच्या गावांतल्या शाळांवर एकेक उतरवायचे, संध्याकाळी गोळा करून आणायचे. कुणी वडाप म्हटलं की तुमचं टाळकं सरकायचं. "वडाप माणसं कोंबतं. मी माणसं नेतो."

मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो, म्हणजे तुमच्या भाषेत 'पदवीधर बिनकामाचा'. नाशिक रस्त्यावर तुम्ही मला गाडी शिकवलीत. मी समोर बघतोय हे पाहून मनगटावर फटका मारलात. "रस्ता समद्यांनाच दिसतो. काटा बघतो त्यो डायवर." आणि मग ती दगडांची युक्ती. काटा साठावर धरायचा, किलोमीटरच्या एका दगडापाशी सेकंद मोजायला लागायचं, पुढच्या दगडापाशी थांबायचं. बरोबर साठ सेकंद भरले तर मीटर खरं. कमी भरले तर मीटर लबाड आहे, गाडी दाखवते त्याहून जोरात पळतेय. "मीटर रस्ता मोजत न्हाई," तुम्ही म्हणालात, "चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं केलं तर एका फेऱ्यात गाडी जास्त जाणार. पन मीटरला ते कोन सांगनार? त्ये बापडं जुनाच हिशेब बोलतंय." विद्यापीठानं तीन वर्षांत मला इतकं स्वच्छ काही शिकवलं नव्हतं.

तर मला हे सगळं माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही ताईकडे कोपरगावला दोन महिने राहायला गेलात. जीप माझ्याकडे. त्या वर्षी तालुक्यातल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या जीपला उंच, रुंद टायर आले होते. कर्तृत्व जेवढं बारीक, तेवढं चाक मोठं. मलाही ते हवे होते. आपल्याला सहाशे-सोळाचे टायर लागायचे, मी सातशे-सोळाचे घातले. रिंग तीच, त्यामुळे बसले आरामात. बसणं आणि जमणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे लग्नाच्या बाबतीत लोक पटकन मान्य करतात, टायरच्या बाबतीत करत नाहीत. जीप दोन-तीन बोटं वर उचलली गेली. पण स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढचं चाक आत स्प्रिंगच्या पाट्याला घासायचं, खर्र करून. फिटर म्हणाला, "काय न्हाई, चाक किती वळायचं त्याचा बोल्ट आसतो, त्यो जरा भायेर काढतो. चाक कमी वळंल, मग घासनार न्हाई." घासायचं थांबलं. आवाज बंद झाला की दुखणं बरं झालं असं समजायचं, ही आपली राष्ट्रीय पद्धत आहे आणि मी तेव्हाही चांगला नागरिक होतो.

तुम्ही परत आलात. डोळ्यांवर तो जाड भिंगांचा चष्मा, मागचे डोळे बशीएवढे. अंगणात जीपसमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "उंच झाली का रे?" मी म्हणालो, "नाना, टायर नवे आहेत. झिजलेल्यापेक्षा नवं उंच दिसणारच." ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं चांगलं खोटं होतं. टायरच्या बाजूवरचा आकडा वाचायला वाकावं लागतं, आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. तुम्ही चष्मा सारखा केलात. "आसंल. ह्या भिंगातनं तुझी आईबी मोठी दिसती मला." आई आतून म्हणाली, "आत्ता दिसली व्हय?" आपण तिघंही हसलो. त्या घरात तिघं एकदम हसल्याचं मला आठवणारं ते शेवटचं.

मग तुम्ही चालवू लागलात आणि रोज काहीतरी कुरकुर. स्टिअरिंग जड लागतंय. वळणावर डुलती. ब्रेक हातभर उशिरा लागतोय. कालव्याच्या पुलावरचं वळण, जे तुम्ही एका दमात घ्यायचात, तिथं एकदा गाडी मागं घ्यावी लागली. पूर्वीचे तुम्ही असतात तर बोनेट उघडून बसला असतात, फिटरच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण तुम्ही हाताकडे बघायचात, बोटं उघडझाप करायचात. दोष गाडीत नाही, आपल्यात आहे, असं म्हाताऱ्या माणसाला वाटायला लागलं की तो किती सोयीचा होतो, नाना. मी गप्प बसलो आणि फक्त बघितलं.

त्या दिवशी सकाळी मी घरीच होतो. पुलावरच्या त्याच वळणावर समोरून उसाची बैलगाडी आली. तुम्ही स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलंत आणि चाक शेवटपर्यंत गेलं नाही. मी जिथं थांबवून ठेवलं होतं तिथंच थांबलं. कडेचा दगड ओलांडून पुढचं डावं चाक कालव्याच्या उतारावर उतरलं. जीप आडवी झाली. मागचे मास्तर खरचटून सुटले. तुमच्या डाव्या हाताला बसायच्या त्या पहिलीच्या वर्गाच्या बाई, ज्या येताना मुलांसाठी रंगीत खडू आपल्या पर्समध्ये आणायच्या, त्यांचा पाय जीपखाली सापडला. गुडघ्याखाली कापावा लागला.

पंचनाम्यात लिहिलं, 'भरधाव वेगात'. तो शब्द पोलीस चौकीत शाईबरोबरच मिळतो. उभ्या गाडीला धडकलेली गायसुद्धा तिथं भरधाव असते. पण तुम्ही तो शब्द घरी घेऊन आलात. जेवताना म्हणायचात, "काटा तिसावर हुता." आई म्हणायची, "हो, जेवा." पुन्हा थोड्या वेळानं, "तिसावर हुता. म्या पुरतं वळवलं हुतं." पुरतं वळवलं होतं, हे एकट्या तुम्हाला माहीत होतं. पुरतं वळत नाही, हे मला. एका ताटातली भाकरी खात होतो आपण.

जीप दुरुस्त होऊन आली त्या आठवड्यात तुम्ही भर दुपारी मला उठवलंत. "चल. दगड मोजायचेत." मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलंत, डेपोतल्या लोकांनी निरोपाला दिलेलं, चावीचं, लाल सेकंदकाट्याचं. "मला ह्या चष्म्यातनं सेकंद दिसत न्हाई. मी काटा साठावर धरतो. तू मोज."

नाशिक रस्ता. दोन्ही बाजूला उन्हानं पांढरी झालेली रानं. तुम्ही दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलंय, मान पुढं काढलीय, भिंगांतून मीटरकडे बघताय. काटा साठावर येतो आणि तिथं खिळल्यासारखा थांबतो. असा काटा धरणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. दगड येतो. तुम्ही म्हणता, "हां." लाल काटा धावायला लागतो. मला ठाऊक आहे काय होणार आहे. तुमच्याच गणितानं ठाऊक आहे. कमी सेकंद म्हणजे मीटर लबाड, मीटर लबाड म्हणजे चाक मोठं, चाक मोठं म्हणजे ते पाट्याला घासणार, घासत नसेल तर कुणीतरी बोल्टला हात लावलाय. एवढं सगळं त्या एका आकड्यात होतं आणि तुम्हाला ते उलगडायला घरी पोचेपर्यंतसुद्धा वेळ लागला नसता. पुढचा दगड येतो. "हां. किती?"

मी म्हणालो, "साठ."

"नक्की?"

"नक्की."

तुम्ही गाडी कडेला घेतलीत. मग चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातला नाहीत. "म्हंजी मीटर खरं हाय," तुम्ही म्हणालात. "मंग माझंच डोळं." मी घड्याळ पुढं केलं. "ऱ्हाऊ दे तुलाच," तुम्ही म्हणालात. "मला आता काय करायचंय?" परत येताना जीप मी चालवली. तुम्ही बाईंच्या जागेवर बसलात.

लायसन्स पत्र्याच्या पेटीत गेलं, बिल्ला देव्हाऱ्यातून उठला तो कुठं गेला आईलाही कळलं नाही. तुम्ही बाईंच्या घरी गेलात, हात जोडलेत आणि सांगितलंत की नजर नव्हती तरी चालवायला बसलो, माझं चुकलं. मी बाहेर जीपमध्ये बसलो होतो, सातशे-सोळाच्या चार टायरांवर. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही ओट्यावर बसून काढलीत. रस्ता ओलांडायलाही कुणाचा तरी हात धरायचात. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. नंतरच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टर म्हणायचे, छान दिसतंय. तुम्ही त्यांनाही मान हलवून 'बरं' म्हणायचात, जसं आई तुम्हाला म्हणायची.

मला ठाऊक आहे, अशा ठिकाणी लेखकानं काय लिहायचं असतं. की तुम्ही मनातल्या मनात मोजत होतात, तुम्हाला कळलं होतं, आणि पोराचं पाप तुम्ही पोटात घातलंत. छान संपतं त्यानं. वाचणाऱ्याचेही डोळे ओले होतात, लिहिणाऱ्याचं ओझंही उतरतं. पण तुम्हाला कळलं नव्हतं, नाना. तुमच्या तोंडात माझ्यासाठी शिव्या होत्या, शंका नव्हती. मी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून तुम्ही गेलात.

बाई अजून आहेत. मागच्या महिन्यात बाजारात भेटल्या, काठी आणि जयपूरचा पाय. मला म्हणाल्या, "तुमचं रविवारचं वाचते हो, कुणालाच सोडत नाही तुम्ही." मग काठी दुसऱ्या हातात घेत, "नानांवर माझा राग नव्हता कधी. नजरच गेली होती त्यांची, त्याला कोण काय करणार." मी म्हणालो, "हो ना."

हे पत्र खरं तर त्यांना जायला हवं. मेनरोडच्या मागच्या गल्लीत घर आहे, दारात कण्हेर, पोस्टमनला सांगायचीही गरज नाही, मी चालत नेऊन देऊ शकतो. म्हणून तर तुम्हाला लिहिलं. घड्याळ समोर ठेवलंय. चावी दिली की अजून चालतं. हे कागद त्याच्या डबीत घडी करून ठेवीन आणि रविवारसाठी दुसऱ्या कुणाचं तरी खोटं शोधायला घेईन.

छप्पन्न भरले होते, नाना. साठ नाही. छप्पन्न.