दोन आट्यांवर सोडलेला नट

प्रिय विलास भाऊजी,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. एवढ्या काळात मला तुमच्याशी बोलायचं धैर्य झालं नाही. आता लिहितोय, कारण परवा दुपारी मंदाताई जे बोलली त्यानंतर घास गिळवत नाही. तिच्यासमोर तोंड उघडण्याआधी तुमच्यासमोर उघडावं म्हटलं.

इकडे सध्या जमीन हलते, खरंच सांगतो! डहाणू-तलासरी दोन्हीकडे दिवाळीनंतर भूकंपाचे धक्के सुरू झालेत. भिंतींना चिरा गेल्यात, शाळा झाडाखाली भरतात, अंगणाअंगणात ताडपत्र्या ताणल्यात. परवा मोठा धक्का बसला तसा मी गॅरेज उघडं टाकून ताईकडे धावलो. ताई ताडपत्रीखाली तांदूळ पाखडत बसली होती. सोनल शाळेत. तुमची लेक आता सातवीत आहे.

"अगं, मास्तरांना फोन कर," मी म्हटलं, "पोरीला लवकर घरी पाठवा म्हणावं."

ताईने सुपातून मान वर केली नाही. "मी नाय कोणाला लवकर बोलवत. एकाला बोलवला व्हता."

मग तिने सांगितलं. त्या संध्याकाळी तिने तुम्हाला फोन केला होता. "दिवे लागायच्या आत या, नाय तर येऊच नका." एवढंच. "रागात बोलली रे जनू. माणूस धावत निघाला आनी मीच त्याला मारला."

चार वर्षं तिने हे पोटात ठेवलंय, भाऊजी! सोनलला उशीर झाला की ती रस्त्यावर जाऊन उभी राहते, पण हाक मारत नाही, फोन करत नाही. मला वाटायचं, बॅलन्स नसेल. तिचा सख्खा भाऊ मी, आणि मला वाटायचं बॅलन्स नसेल!

आणि परवा ते ऐकूनही मी काय केलं? पाणी प्यायलो आणि तोंडात मूग धरून गॅरेजवर परत आलो.

तुम्हाला आठवतं, हे शर्यतींचं वेड तुम्ही कुठून आणलंत? तेरा साली तुमच्या नव्या मोबाईलवर. परदेशातली माणसं मातीच्या गोल मैदानात मोटारसायकली पळवताहेत, डाव्या पायात लोखंडी तळवा, पुढचा ब्रेकच नाही, हॅण्डल उजवीकडे आणि गाडी वळतेय डावीकडे! मी म्हटलं, कॅमेऱ्याची करामत असेल. तुम्ही म्हणालात, "फ्लॅट ट्रॅक म्हणतात त्याला. गंजाडच्या माळावर होतो की आपला."

आणि केलात. सिमेंट भरलेलं पिंप रोलर म्हणून फिरवलंत, टँकरने पाणी मारलंत. लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तळवा ठोकून घेतलात आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी गमबुटाला बांधलात. सुरुवातीला आपण चौघे होतो, दुसऱ्या हिवाळ्यात चाळीस झालो. कंपनीतले फिटर, वरोरचे दोघे मासेवाले, ट्रॅक्टरवाले, एक शाळामास्तरसुद्धा, तेही बायकोला न सांगता. सगळे म्हणायचे, "गोलावर चाललो." शंभर सीसीच्या जुन्या गाड्या, मडगार्ड काढलेल्या, पाठीवर खडूने आकडे. पाड्यातल्या बायका बोरं आणि भजी घेऊन बसायच्या. बक्षीस एक जिवंत कोंबडा. तो हॅण्डलला उलटा टांगून घरी न्यायचा मान मिळावा म्हणून माणसं गुडघे फोडून घ्यायची.

उंबरगावहून आलेला एक जण पहिल्याच दिवशी ओरडला होता, "ब्रेक विना चलावे छे? गांडो छे के?" त्याने तुम्हाला वेड्यातच काढलं. तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत. भुसभुशीत मातीत घाबरून पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो आणि मागचे सगळे त्याच्या अंगावर. म्हणून गोलात शिरण्याआधी प्रत्येकाने ब्रेकची वायर सोडवून लिव्हर काढायची आणि तुमच्यासमोरच्या घमेल्यात टाकायची. ते ठीकच होतं.

पण पुढचा नियम कशाला केलात, भाऊजी? शर्यत संपल्यावर जिंकणाऱ्याचा ब्रेक दुसरा आलेल्याने बसवायचा. म्हणजे हार मातीतच राहील, भांडण रस्त्यावर येणार नाही. आणि जिंकणाऱ्याने तो तपासायचा नाही. तपासला तर समोरच्याच्या इमानावर शंका घेतल्यासारखं. किती मोठ्या मनाचा नियम! सगळ्यांचं मन तेवढं मोठं असतं का?

त्या रविवारी शेवटच्या फेरीपर्यंत मी पुढे होतो. शेवटच्या वळणावर तुम्ही आतून शिरलात, तुमचा तळवा माझ्या चाकाला घासला आणि मी बाहेरच्या गवतात जाऊन आडवा झालो. उठून शेवटची रेघ ओलांडली तेव्हा सगळा माळ हसत होता. एक म्हातारी म्हणाली, "मेव्हण्याला बरा नांगरला!" तुम्हीही हसलात. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू. तुमच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग?

मी दुसरा. तुमचा ब्रेक मीच बसवायचा. लिव्हर लावली, वायर अडकवली आणि चाकाकडचा नट दोन आटे फिरवून सोडला. विसरलो नव्हतो. पाना हातात होता. मनात म्हटलं, जाऊ दे, आवळेल स्वतःच, नाहीतर करेल करकर वाटेत. मरावं असं नव्हतं मनात, भाऊजी. थोडं घाबरावं एवढंच होतं. पण गॅरेजवाला आहे मी. दोन आट्यांवरचा नट किती वेळ टिकतो हे मला नाही तर कोणाला ठाऊक?

तेवढ्यात तुमचा फोन वाजला. तुम्ही ऐकलंत, हसलात, म्हणालात, "वाघिणीचा हाय." कोंबडा टांगलात आणि विचारलंत, "आवळलास ना रे?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही लिव्हर दाबूनही पाहिली नाहीत. तुमचाच नियम!

मी थोड्या वेळाने निघालो. विवळवेढ्याच्या पुढे हायवेवर गर्दी दिसली. दुभाजकाच्या फटीतून एक टेम्पो आडवा आला होता. रस्त्यावर तुमच्या मागच्या चाकाची लांब काळी रेघ होती. एकट्या मागच्या चाकाचीच. लोक तुम्हाला उचलून जीपमध्ये घालत होते. सगळे तुमच्याकडे बघत होते आणि मी तुमच्या पुढच्या चाकाकडे. वायर सुटून लोंबत होती.

यानंतरचं मी कोणालाही सांगितलेलं नाही. मी खाली बसलो, माझ्या गाडीचा नट काढला, तुमच्या गाडीला लावला आणि नीट आवळला. तुम्ही जीपमध्ये कण्हत होतात तेव्हा मी नट आवळत होतो. मग तुमच्या डोक्याशी जाऊन बसायला हवं होतं, तर म्हटलं, माझी गाडी घेऊन मागून येतो. मी पोचलो तेव्हा तुम्ही गेला होतात.

पंचनाम्यात ब्रेक चालू निघाला. अतिवेग, असं लिहिलं गेलं. गोलावरचा माणूस, वेगातच मरायचा, असं लोक बोलले. मीही मान डोलावली. तेराव्याला तुमचे म्हातारे वडील म्हणाले, "माझा पोरगा रस्त्यावं हळू चालवायचा." कोणी विश्वास ठेवला नाही. त्या माळावर आता भाजी पिकते. एकही जण पुन्हा गोलावर उतरला नाही.

मला वाटायचं, एवढंच नुकसान झालं. तुमचं नाव गेलं आणि गोल गेला. त्या दोन्हींसोबत जगायला मी शिकलो होतो, निर्लज्जपणे. दर भाऊबीजेला ताईच्या हातचं ओवाळून घेत होतो. माझा गुन्हा तिने स्वतःच्या डोक्यावर घेतलाय, हे मला कुठे माहीत होतं? पण आता माहीत आहे. आता गप्प बसलो तर तो दुसरा खून होईल.

तुम्ही घाईत निघालात हे खरं. पण घाई तुम्हाला रोजचीच होती, आणि रोज तुम्ही घरी पोचत होतात. फोनने माणूस मरत नाही, भाऊजी. ब्रेक लागला असता तर तुम्ही टेम्पोवाल्याला दोन शिव्या देऊन, उशिरा का होईना, घरी गेला असता आणि ताईची बोलणी खाल्ली असती.

उद्या सकाळी गॅरेज उघडण्याआधी मी तिच्याकडे जाणार आहे. ती दार लावून घेईल, सोनलला माझं तोंड पाहू देणार नाही, कदाचित पोलिसांत जाईल. जाऊ दे, मी सोबत जाईन. तुमच्या वडिलांनाही सांगेन. माफी मागणार नाही, तुमच्याकडेही मागत नाही. वचन एकच देतो. मी आधी नटाचं सांगेन आणि मग रडेन. उलट झालं तर ती काही विचारायच्या आत माझेच डोळे पुसायला बसेल, आणि मी पुन्हा सुटेन.

तुमचा मेव्हणा,
जनू