हिरव्या गाडीचे दिवे

प्रिय मार्लिस,

या उन्हाळ्यात आपला बेसबॉलचा संघ सपाटून मार खातोय, तरी माझी गावातली एकही मॅच चुकलेली नाही. तिसऱ्या बेसमागची आपली जागा, उतरतं ऊन, कुंपणापलीकडून येणारा मक्याचा वास आणि मांडीवर खाऱ्या शेंगा. एवढं असलं की हरणंसुद्धा गोड लागतं. शेजारी इल्सा असतेच. मोठ्या संघात जायची स्वप्नं बघत ही कोवळी पोरं गावोगाव बसमधून हिंडतात, आणि ही बाई त्यांना ओरडून सांगते, "अरे बाळा, चेंडू टोलवायचा असतो, त्याला वारा घालायचा नसतो." पोरंही हसतात.

मैदानावर तुझ्या बाबांचा आवाज अजून लावतात. इतकी वर्षं वरच्या खोलीतून त्यांनीच सगळं पुकारलं. आजारपणात टेटने, हो, तोच क्लब सांभाळणारा, त्यांना माइकपुढे बसवून खेळाडूंची नावं सोडून बाकी सगळं रेकॉर्ड करून घेतलं. तू ते गेल्या जूनमध्ये माझ्याशेजारी बसून ऐकलंस, त्यांना पुरून आठवडाही झाला नव्हता. सातव्या डावाच्या मध्यावर, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, ते म्हणाले, "चला मंडळी, उठा, जरा पाय मोकळे करा." सगळे उठले. तू उठलीस ती थेट गाडीत जाऊन बसलीस. "आई, हे बंद करायला सांग, नाहीतर मला बोलावू नकोस," म्हणालीस. मला तुझा असा राग आला होता म्हणून सांगू. तू आली नाहीस, मी बोलावलं नाही, आणि वर्ष गेलं.

तुला कसं कळावं, मार्लिस. घरात त्यांची खुर्ची आहे, चष्मा आहे, पण घर मुकं आहे. बोलतात ते फक्त मैदानावर. मी सकाळपासून संध्याकाळची वाट बघते. केस नीट विंचरते, तेही त्यांच्यासाठीच, आता तुझ्यापाशी लाज कसली. आपला संघ परगावी गेला की घास गिळवत नाही.

मंगळवारी टेटच्या हातून एक जुनंच वाक्य लागलं. "हिरव्या पिकअपचे दिवे चालू राहिलेत, मालकीणबाईंनी कृपया लक्ष द्यावं." आठवतं ना, दिवे विसरणारी मी आणि सगळ्या गावासमोर माझी फिरकी घेणारे ते. त्या पठ्ठ्याने तेही रेकॉर्ड करून ठेवलं होतं. लोक हसले नाहीत. मी मात्र उठले. पर्समध्ये किल्ली चाचपत बाहेर गेले आणि एकेक रांग बघत गाडी शोधू लागले. दिसेना, तेव्हा पुन्हा पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. बॅटरी उतरली तर घरी गेल्यावर बोलणी खावी लागतील, एवढंच डोक्यात होतं. शेवटी इल्सा धापा टाकत आली. "अगं, ती गाडी तू मार्चमध्येच विकलीस ना?" मी तिला विचारलं, "मग त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

तिने माझा हात धरला आणि मला घरी आणून सोडलं.

तेव्हापासून मी घाबरले आहे. मरणाला नाही गं. त्या आवाजामागे मी कुठवर जाईन, याला. म्हणून आज टेटकडे गेले आणि बंद कर म्हणाले. बिचारा रडवेला झाला, पण ऐकलं त्याने. शनिवारी शेवटचं लावणार आहे. मी जाणार आहे, त्यांना निरोप द्यायला तर हवा. पण तो आवाज थांबल्यावर मला त्या बाकावरून एकटीला उठता येईल असं वाटत नाही. म्हणून हे पत्र. तू ये. ऐकवत नसेल तर आत येऊ नकोस, बाहेर थांब आणि सगळं संपल्यावर आत येऊन मला हाक मार. त्या वेळी मला जिवंत माणसाने बोलवायला हवंय.

शनिवारी तिथेच बसलेली,
तुझीच आई