पहिल्या क्रमांकाचा पुठ्ठा

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
शालेय क्रीडा विभाग.

विषय : आठ वर्षांखालील मुलींच्या साठ मीटर धावण्याच्या शर्यतीचा निकाल अर्जदाराच्या मुलीच्या विरुद्ध बदलून मिळणेबाबत. (अर्ज तिसरा)

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ३ चा अर्ज. २) अर्जदाराचा दि. ६ चा अर्ज. ३) आपल्या कार्यालयाचे दि. १० चे पत्र, जा. क्र. २१७, 'अर्ज निकाली काढण्यात येत आहे'.

महोदय,

१. अर्जदार वजनकाटे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करतो. किराणा दुकानापासून भंगाराच्या वखारीपर्यंत सगळ्यांचे काटे तो बसवून देतो आणि गेल्या चौदा वर्षांत त्याच्या कामाबद्दल एकही तक्रार आलेली नाही. म्हणूनच दि. २ रोजी, शाळेच्या क्रीडादिनी, खेळाच्या शिक्षकांनी 'काटेवाले, तुमच्याइतका चोख माणूस आम्हाला कुठे मिळणार' असे म्हणून अर्जदारास अंतिम रेषेवर पंच म्हणून उभे केले. काम सोपे होते. '१' लिहिलेला पुठ्ठा हातात धरायचा आणि जी मुलगी आधी रेषा ओलांडेल तिला द्यायचा. दोन आणि तीन नंबरच्या पुठ्ठ्यांना वेगळे पालक होते. जिच्या हातात जो पुठ्ठा, तो तिचा क्रमांक, अशी पद्धत आहे.

२. शर्यतीत अर्जदाराची थोरली होती आणि तिची मैत्रीण होती. या मैत्रिणीला सगळी शाळा भिंगरी म्हणते. भिंगरी वीतभर पुढे होती. पुठ्ठा थोरलीच्या हातात गेला. हे नजरचुकीने घडले असे अर्जदाराने मागील दोन्ही अर्जांत लिहून दिलेले आहे.

३. येत्या शनिवारी, दि. १४ रोजी, पुढची फेरी आहे. प्रत्येक शाळेतून एकच मुलगी जाणार. तिथे भिंगरीने धावायला हवे, कारण जिंकली ती आहे. अर्जदाराचे मागणे एवढेच आहे. ते समजायला तीन अर्ज का लागावेत, हे मात्र त्याला समजत नाही.

४. घरची परिस्थिती कळवणे भाग आहे. थोरली आणि भिंगरी बालवाडीपासून एका बाकावर बसतात. दि. ३ पासून भिंगरी खिडकीकडच्या बाकावर बसते. थोरलीचा डबा भरलेला जातो आणि भरलेलाच परत येतो. रोज सकाळी तिच्या पोटात दुखते आणि शाळा सुटली की थांबते. पदक तिने एकदाही गळ्यात घातलेले नाही. ते चार वर्षांच्या धाकट्याने बळकावले असून तो ते घालून अंघोळ करतो, आणि दूधवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्या माणसापर्यंत सर्वांना 'मी पहिला आलो' असे ठणकावून सांगतो. काढून घ्यायला गेले की असे भोकाड पसरतो की शेजारी दार उघडून बघतात. मुलांच्या आईचे म्हणणे वेगळेच. 'अहो, जगातले बाप पोरांना जिंकवायला जिवाचं रान करतात, आणि तुम्ही हरवायला निघालात होय?' असे ती दिवसातून दोनदा तरी विचारते. त्यावर अर्जदार चपला घालून कार्यालयाची पायरी चढतो.

५. कार्यालयात पहिल्या दिवशी खिडकी क्र. ४ वरील बाईंनी अर्ज न वाचताच 'अभिनंदन' म्हटले. वाचल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग त्यांनी नियम दाखवला, की निकालावरील हरकत हरलेल्या मुलीच्या पालकाने, लेखी, शर्यतीनंतर अर्ध्या तासाच्या आत द्यावी. जिंकलेल्या मुलीच्या पालकाने हरकत घेण्याची नियमांत सोय नाही, कारण 'असं आजवर कोणी केलेलंच नाही हो'. त्या अर्ध्या तासात अर्जदार मैदानावर लोकांचे हात हातात घेऊन धन्यवाद म्हणत फिरत होता, हे तो नाकारत नाही.

६. त्यावर अर्जदार भिंगरीच्या आईकडे गेला. त्या रुग्णालयात परिचारिका आहेत आणि दोन-दोन पाळ्या करतात. 'जाऊ द्या हो दादा, लेकरांचं आहे, चार दिवसांत विसरतील,' असे त्या म्हणाल्या. परंतु दार त्यांनी अर्धेच उघडले होते, आणि एरवी त्या घरात अर्जदाराला चहा घेतल्याशिवाय कोणी सोडत नाही. आतून भिंगरीचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. अर्जदाराचा आवाज ऐकताच तो बंद झाला.

७. दुसऱ्या अर्जाच्या वेळी कार्यालयाने 'विजेत्याची माघार' असा छापील नमुना दिला. त्यात कारणे तीनच आहेत : आजार, दुखापत, परगावी जाणे. 'खरोखर जिंकली नाही' असे कारण छापलेले नाही आणि हाताने लिहिलेले चालत नाही. खिडकी क्र. ४ वरील बाईंनी कळवळून, दबक्या आवाजात, पाय मुरगळल्याचा डॉक्टरचा दाखला आणण्याचे सुचवले. म्हणजे धडधाकट पोरीला लंगडत शाळेत पाठवायचे! एक खोटे झाकायला दुसरे खोटे उभे करण्याची अर्जदाराची आता छाती नाही. तरीही लाज गुंडाळून त्याने भिंगरीला शाळेच्या फाटकापाशी गाठले आणि थोरलीने माघार घेतली तर तिच्या जागी जाशील का, असे विचारले. ती म्हणाली, 'काका, मी बदली नाहीये. मी पहिली आलेय.' आणि दप्तर सावरत निघून गेली. आठ वर्षेही पूर्ण नाहीत तिला.

८. खेळाच्या शिक्षकांना भेटून झाले. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवून 'नावं रंगवून झाली, काटेवाले, रंगसुद्धा वाळला' असे सांगितले. मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्याकडे बोट दाखवले. आपण नियमाकडे दाखवता. महोदय, काटा दहा ग्रॅम चुकला तर त्याला टाळे ठोकून दुकानदाराला दंड करतात. इथे एक अख्खी पोर चुकीच्या जागी उभी आहे, दुसरी तिच्या हक्काच्या जागेबाहेर उभी आहे, आणि कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही! अर्जदाराने कुणाचे काही हिरावून मागितलेले नाही. स्वतःच्याच घरातले परत न्या म्हणून तो दारोदार विनवण्या करतो आहे आणि दर दारात त्याचे अभिनंदन होते आहे. आता 'अभिनंदन' हा शब्द ऐकला की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

९. आपले पत्र क्र. २१७ काल मिळाले. त्यात आपण लिहिता की, 'आपणासारख्या मोजमापाच्या कामात मुरलेल्या व्यक्तीकडून नजरचूक होणे संभवत नाही, सबब निकाल कायम ठेवण्यात येत आहे.' पुराव्यादाखल आपण अंतिम रेषेचे एक छायाचित्रही जोडले आहे. अर्जदार हे पत्र घेऊन दुकानात बसून राहिला. गिऱ्हाईक आले, त्याला उद्या ये म्हणाला. महोदय, आपले वाक्य बरोबर आहे. नजरचूक झालेली नाही. छायाचित्रात थोरली पुठ्ठा घेताना दिसते. तिच्या डाव्या बाजूला, कडेला, एक हात दिसतो, कोपरापर्यंतच. तो भिंगरीचा आहे. ती आधी पोहोचली होती आणि पुठ्ठा घ्यायला तिने हात पुढे केला होता. अर्जदाराने तो हात पाहिला. पाहून मग पुठ्ठा थोरलीला दिला. का दिला, याचे कारण छापील नमुन्यात नाही आणि अर्जदारापाशीही नाही. पोरगी धापा टाकत त्याच्याकडे बघत होती, एवढेच आठवते.

१०. त्या दिवशी घरी जाताना थोरलीने विचारले, 'बाबा, तू तिचा हात बघितला नव्हतास ना?' अर्जदार नाही म्हणाला. त्यानंतर तिने पुन्हा विचारलेले नाही. पोटदुखी दुसऱ्या दिवसापासून आहे.

तरी पंचाने जाणूनबुजून चुकीचा निकाल दिला, असे स्पष्ट कारण लिहून निकाल दुरुस्त करावा आणि शनिवारी भिंगरीला पहिली म्हणून पाठवावे. अर्जदारावर जी कारवाई करायची ती करावी, त्याला पुन्हा कधी मैदानावर उभे करू नये. आपला आदेश येवो न येवो, शुक्रवारी संध्याकाळी अर्जदार थोरलीला समोर बसवून हो, बघितला होता, असे सांगणार आहे. तेवढ्याला आपली परवानगी लागत नाही. भिंगरीसाठी मात्र लागते, आणि हातात दोन दिवस आहेत.

आपला नम्र,
(सही)
काटेवाला,
पंच, पहिला क्रमांक

दि. ११

सोबत : आपल्या कार्यालयाने पाठवलेले छायाचित्र, एक प्रत. हाताभोवती पेनाने गोल केला आहे.