मोहन नगरचा जावई

प्रिय नागसेन,

फोनवर माझा आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहून राहिलो. कोंबड्या आता बऱ्या आहेत, म्हणजे उरल्या त्या. मागच्या वेळी तू परसात खुर्ची टाकून बसला होतास, तेव्हा खुराड्यातून जी घरघर येत होती ती थांबली. डोळ्यांच्या कोपऱ्यातला फेस गेला, सूज उतरली. चंद्री मात्र राहिली नाही. मान ताणून, चोच उघडी टाकून श्वास ओढत होती. सकाळी पाहिलं तर दांडीखाली पडलेली. आईने भंडाऱ्याहून डालग्यात घालून आणलेल्या कोंबडीच्या वंशातली ती. तिच्या आजीच्या अंड्यांचं कालवण तू आमच्या घरी किती वेळा खाल्लंस.

मी हे कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, पण खुराड्याची हवा नाकाने ओळखतो. वास डोळ्यांना झोंबला की भुसा बदलायचा. थंडी कितीही असो, ताडपत्री पूर्ण ओढायची नाही. म्हणून पहिली शिंक ऐकली तेव्हा मी आपलीच चूक शोधत बसलो. ललिता म्हणे, "कोंबड्याईपायी तुम्हीच आजारी पडसान." बर्ड फ्लूच्या भीतीने सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणले. तपासणीत ते निघालं नाही. हा श्वासाचा जुनाट रोग आहे, औषधाने दबतो पण मुळातून जात नाही, आणि बरा दिसणारा पक्षीही तो अंगात बाळगून दुसऱ्यांना देतो, असं ते म्हणाले. नवीन पक्षी आणला होता का, हेही विचारलं. मी तू आणून दिलेल्या कोंबड्याकडे पाहिलं. तो ऐटीत आरवत होता. म्हटलं, आणला, पण तो घरचाच आहे.

माझा नियम तुला ठाऊक आहे. नवा पक्षी महिनाभर नळाजवळ, वेगळ्या डालग्याखाली. जयंतीच्या दिवशी तू त्याला मोहन नगरच्या तुझ्या घरून स्कूटरवर पिशवीत घालून आणलंस, मी डालगं उचललं, तर केवढा हसलास! "माह्या घरचा जावई आहे हा, याले जेलात टाकतं का बे?" ललिताही हसली. मी डालगं बाजूला ठेवलं आणि त्याला सरळ कोंबड्यांत सोडलं. कारखान्यात आपण सोबत होतो तेव्हा, कोक ओव्हनच्या कोळसा-भट्टीला विषारी गॅसच्या लाइनवर जाताना माझ्या मास्कचा पट्टा तू ओढून पाहायचास, तुझा मी. तू 'हो' म्हटलं की मी दुसऱ्यांदा हात लावत नसे. तीच सवय नडली.

परवा विहारात सुजातावहिनी ललिताला सहज म्हणाल्या, "आमच्या तं साऱ्याच घरघर करत गेल्या बाई, तो एकटा वाचला. म्हणून यायनं तुमच्याकडं पोचवला." त्यांना वाटलं, तू सांगितलं असशील. ललिताने घरी येऊन चपला काढायच्या आधी मला हे सांगितलं. मला तुझी ती खुर्ची आठवली. घरघर ऐकत, चहा पीत तू म्हणाला होतास, "सर्दी झाली रे याईले, हळद दे." तुझ्या घरी तोच आवाज ऐकलेला माणूस माझ्यासमोर बसून मला हळद सांगून राहिला होता. कावून, नागसेन? नुसतं सांगितलं असतंस, तरी त्याला नळाजवळ ठेवून मी जीव लावलाच असता.

आता तुझ्या पोराचा, विक्कीचा निरोप आला, की तुमचं खुराडं रिकामं आहे, चंद्रीच्या लेकींची अंडी उबवायला पाहिजेत, रविवारी न्यायला येतो. अंडी आहेत. तांबूस, स्वच्छ, पाहून कोणालाच काही कळणार नाही. डॉक्टर म्हणाले, हा रोग अंड्यातून पिल्लात उतरतो. मी टोपली भरून दिली असती, पोराला चहा पाजला असता आणि तुझ्यासारखाच गप्प बसलो असतो, तर फिटंफाट झाली असती. टोपली काढलीही होती. मग ठेवून दिली. विक्कीला पाठवू नकोस. खुराडं चुन्याने धू, काही दिवस उघडं राहू दे आणि पिल्लं दुसऱ्या कोणाकडून आण. तुझा जावई इथेच राहील. त्याला मी कुणाच्या दारी पोचवणार नाही.

तुझाच (हात सवयीने लिहून गेला, खोडत नाही),
चंपत